स्फटिकाचे सिंहासन आणि तीन पक्षी

एका राज्यात पक्षी बातम्या आणीत, आणि आणलेली बातमी तोलायला दरबारात एक पारखी असे. राजा वज्रकेतूचे सिंहासन स्फटिकाचे होते. त्याच्या आजाने ते एका मांत्रिकाला मारून लुटून आणले होते. मरता मरता मांत्रिक म्हणाला होता, "या सिंहासनापुढे जो 'ठाऊक नाही' म्हणेल, त्याचा दगड होईल." तसे दगड दाराशी उभे होते. शेवटचा दगड म्हणजे वृद्ध पारखी सोमदत्त. त्याचे तोंड अर्धे उघडेच राहिले होते. तेव्हापासून दरबारात सगळ्यांना सगळे ठाऊक असे.

सोमदत्ताच्या जागी त्याची शिष्या केतकी आली. एके दिवशी तीन पक्ष्यांनी एकच बातमी आणली: सावळखिंडीतल्या गावाने मांत्रिकाच्या वंशजांचे सैन्य लपवले आहे.

"तीन तोंडे, एक बातमी," राजा म्हणाला. "सूर्य मावळताच अग्निमुखी घोडे सुटतील. खिंडीत गवताची काडी उरणार नाही."

"महाराज, तोवर मला पक्ष्यांशी बोलू द्या."

"बोल. घोड्यांवर खोगीर चढलेच आहे."

केतकी धावत निघाली. अंगणात घोडे टापा आपटत होते आणि त्यांच्या नाकपुड्यांतून ठिणग्या उडत होत्या. खिंडीत या वेळी माणसे गुरे वळवत असतील, हा विचार तिने मनातून ढकलला. तो पुन्हा आला.

पोपट देवळाच्या कळसावर होता.

"राघू, सैन्य तू डोळ्यांनी पाहिलेस?"

"मी? एवढ्या उन्हात मी खिंडीपर्यंत उडेन होय? साळुंकीने सांगितले."

साळुंकी तबेल्याच्या आढ्यावर पिसे नीट करीत होती. "पारखीबाई, भल्या घरचे पक्षी डोकावत नाहीत. कावळ्याने शपथेवर सांगितले."

कावळा राजाच्या शयनगृहाच्या खिडकीत सापडला.

"तू तरी पाहिलेस?"

"ऐकले."

"कोणाकडून?"

कावळ्याने मान वाकडी केली. "खुद्द महाराजांकडून. झोपेत बरळतात, 'खिंडीत सैन्य आहे, खिंडीत सैन्य आहे.' राजाहून मोठा साक्षी मी कुठून आणू?"

राजाचे भय खिडकीतून बाहेर पडले होते, आणि तीन चोचींतून फिरून, बातमी होऊन, त्याच्याच कानी परतले होते.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तिने हे सारे दरबारात सांगितले. राजाचा चेहरा उतरला. मग तो ताठ बसला.

"म्हणजे खिंडीत सैन्य नाही, असे म्हणतेस?"

'नाही' हा शब्द केतकीच्या जिभेवर आला होता. तेवढ्याने गाव वाचत होते. पण पक्ष्यांनी पाहिले नाही म्हणून खिंड रिकामी ठरत नव्हती. तिने तरी ती कुठे पाहिली होती? सैन्य असलेच, तर तिच्या शब्दावर विसंबलेले हे नगर जळेल. तिने सोमदत्ताच्या उघड्या तोंडाकडे पाहिले.

"महाराज, मला ठाऊक नाही."

तिची पावले दगड झाली. मग गुडघे. "तुम्हालाही ठाऊक नाही," ती घाईने म्हणाली, कारण गारठा कमरेशी आला होता. "ठाऊक नसताना जाळू नका." आणि तिचा गळा दगडाचा झाला.

सेनापतीने विचारले, "महाराज, घोडे सोडू?"

राजा त्या दगडाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "थांब. मलाही ठाऊक नाही."

शाप सिंहासनापुढे बोलणाऱ्याला होता. सिंहासनावरून कोणी असे बोलेल, हे मांत्रिकाच्या स्वप्नातही आले नव्हते. स्फटिक माथ्यापासून पायथ्यापर्यंत तडकला. केतकीच्या गळ्यात आवाज परतला, दाराशी दगडांनी श्वास घेतला, आणि सोमदत्ताने आपले अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले, "...पण पाहून येतो, महाराज."

ससाणा धाडला. तो संधिप्रकाश असतानाच परतला.

"खिंडीत मेंढरे आहेत, चुलींचा धूर आहे. सैन्य दिसले नाही. पलीकडचा उतार अंधारात होता, तो मी पाहिला नाही."

"तो उद्या उजेडी पाहा," साध्या पाटावर बसलेला राजा म्हणाला, आणि घोड्यांची खोगिरे उतरली.

ससाण्याने सकाळी तो उतारही पाहिला. तिथे नुसती करवंदीची जाळी होती. त्यानंतर राजा शांत झोपू लागला, आणि खिडकीतल्या कावळ्याला ऐकण्यासारखे काही उरले नाही.