विहीर किती हात खोल?

फार पूर्वी, जेव्हा प्रत्येक विहिरीवर रहाट असायचा आणि रहाटाला दोर लागायचा, तेव्हा एका घाटाच्या पायथ्याशी दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावाचा दोर तुटला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. कुणी तसं म्हणालंच असतं, तर सगळं गाव त्याच्याशी भांडायला उठलं असतं.

तुटणार तरी कसा? दोर वळून झाला की तो चिंचेच्या फांदीला बांधायचा आणि गावातल्या तीन दणकट माणसांनी त्याला लोंबकळायचं. त्या तिघांत पाटील दर वेळी असायचे, कारण अंगापिंडानं त्यांच्या तोडीचं गावात दुसरं कुणी नव्हतं. फांदी करकरली तरी चालेल, दोरानं मात्र हूं की चूं करता कामा नये.

या गावाची एक रीत होती आणि ती सांगताना माझीसुद्धा छाती फुगते. वर्षातला एक दोर ते विकत नसत. प्रत्येक घर त्यासाठी मूठभर वाख द्यायचं, म्हणजे अंबाडी सोलून काढलेले धागे. मोठ्या घराचीही एकच मूठ आणि खोपटाचीही एकच. त्यातून शंभर हात लांबीचा दोर वळायचा आणि गुढीपाडव्याच्या सकाळी तो गरजवंताला देऊन टाकायचा. त्याला म्हणायचे धर्माचा दोर. तो कुणाला द्यायचा, हे ठरवण्याचा मान दर वर्षी वेगळ्या घराला मिळायचा.

त्या वर्षी मान आला आक्काकडे. आक्का एकटी राहायची. पन्नास वर्षं दोर वळून तिचे तळहात खरखरीत झाले होते. मान मिळाला म्हणून ती सुखावली खरी, पण तिच्या मनात एक सल होता. मागच्या दिवाळीत बाजारात तिनं बैलांची दावी विकायला मांडलेली पाहिली होती. एक हातात घेतलं आणि तिनं पीळ ओळखला. तो त्यांच्याच गावाचा धर्माचा दोर होता, तुकडे करून विकायला ठेवलेला! ज्यांनी तो नेला होता, त्यांनी किती गोड भाषण केलं होतं, पाटलांना केवढा हार घातला होता. आक्का त्या दिवशी जेवली नाही. गावाचा हिरमोड होईल म्हणून ती कुणाला बोलली नाही, पण मनाशी म्हणाली, "माझ्या पाळीला असं होऊ द्यायचं नाही."

पाडव्याला आठ दिवस होते. गावात एक महाराज आले. डोक्यावर छत्री धरायला एक माणूस, शंख फुंकायला दुसरा. बरोबर एक रंगवलेला फळा होता. त्यावर रडणारी मुलं, रिकामी ताटं आणि कोरडी घागर. तो बघून बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

"आम्ही घाटमाथ्याच्या अन्नछत्राचे," महाराज म्हणाले.

घाटमाथ्याचं अन्नछत्र सगळ्यांना ऐकून माहीत होतं. तिथून कुणी उपाशी परत येत नाही असा त्याचा लौकिक होता. लोकांनी हात जोडले.

"आमच्या विहिरीला दोर नाही. आज सूर्यास्ताच्या आत धर्माचा दोर द्याल, तर पुण्य दुप्पट. शेजारच्या गावानं तर सकाळीच गाडीभर धान्य दिलं. आणि हो, तुमच्या गावाचं नाव आम्ही दगडात कोरणार. पाटलांचं सगळ्यात वर!"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "आक्का, आण दोर. बघतेस काय?"

आक्का महाराजांसमोर येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिनं सहज विचारलं, "विहीर किती हात खोल?"

महाराजांनी आभाळाकडे हात केला. "माई, गरिबांच्या दुःखाएवढी खोल!"

"ते खरं हो. पण हात किती?"

"असेल... दीडशे हात!"

"धर्माचा दोर शंभर हातांचा असतो. मग वरच्या पन्नास हातांचं काय करणार?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचा चेहरा उतरला. आक्का शांतपणे म्हणाली, "असू दे. मी उद्या तुमच्याबरोबर येते आणि माझ्या हातानं रहाटाला दोर बांधून देते."

"कशाला त्रास घेता? वाट फार वाईट आहे. वाघरू आहे."

"तुम्ही आलात की त्याच वाटेनं."

मग मात्र महाराज चिडले. "दान करताना अटी घालता? संशय घेता? आम्ही शाप देऊ!" त्यांनी फळा उचलायला सांगितला. छत्रीवाला पुढे, शंखवाला मागे, असे तिघं निघून गेले.

ते गेले आणि पाटील आक्कावर उखडले. "दारी आलेल्याला हात हलवत पाठवलंस! गावाची लाज घालवलीस. आता पाडव्यापर्यंत कुणी आलं नाही तर? बापजाद्यांची रीत तुझ्या पाळीला मोडायची?"

आक्काचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. तिनं बाजारात पाहिलेल्या दाव्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. "पाटील, दोराला आपण तीन माणसं लोंबकळून बघतो. मागणाऱ्याला मात्र एक प्रश्नही विचारत नाही. मी विचारला, त्यात बिघडलं कुठं?"

पाटलांना हे पटलं होतं, पण कबूल करायचं नव्हतं.

पाडवा उजाडला तरी कुणीच आलं नाही. गुढ्या उभ्या राहिल्या, पण गावाच्या तोंडावर हसू नव्हतं. तेव्हा आक्कानं पदर खोचला. "कुणी मागायला आलं नाही, म्हणून कुणाला गरज नाही असं थोडंच आहे? ज्याच्याकडे खरंच काम आहे, त्याला ते सोडून मागायला यायला सवड कुठली? आपणच शोधू."

"मीही येतो," पाटील म्हणाले. "तू चुकलीस तर बघायला कुणीतरी हवं." बैल मात्र त्यांनी स्वतःचा दिला.

बैलाच्या पाठीवर दोर लादून दोघं घाट चढले. आधी गेले थेट अन्नछत्रात. तिथे एक म्हातारा आचारी घामाघूम होऊन भाकऱ्या भाजत होता. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"आमच्या नावावर फिरतायत का लबाड! आम्ही कुणालाही मागायला पाठवत नाही. दोर आमच्याकडे दोन आहेत, तिसरा घेऊन काय करू? असं करा, खिंडीत एक बाई वाटसरूंना पाणी पाजते. तिला जाऊन बघा. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. स्वतः बघा."

फुकट मिळणारी वस्तू नको म्हणणारा माणूस पाटलांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिला. 

खिंडीत विहिरीवर एक बाई घागर ओढत होती. तिचा दोर कसला, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या एकमेकींना बांधलेल्या. प्रत्येक गाठ रहाटावर अडकायची, बाई ती सोडवायची आणि पुन्हा ओढायची. कडेला हमाल, बैलवाले आणि एक लेकुरवाळी आपापली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. बाईनं पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा जरा. ही घागर वर आली की देते पाणी."

आक्कानं विचारलं, "विहीर किती हात गं?"

हात न थांबवता ती म्हणाली, "आज एकेचाळीस. वैशाखात चव्वेचाळीस होतील."

आक्कानं तिचे तळहात उलटून पाहिले. दोन्ही तळहातांवर दोराचे वळ होते.  "हा धर्माचा दोर तुझा," ती म्हणाली.

बाईनं दोरावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "शंभर हात मला नको, मावशी. गाठीबिठी धरून पन्नास पुरेत. उरलेला खालच्या वाडीला द्या. तिथे विहीर आहे, पण दोराविना बाया पाण्यासाठी दोन डोंगर उतरतात."

"धर्माचा दोर कापायचा?" पाटील दचकले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "कापू. पण वाडीची विहीर आधी बघू. किती हात आहे ते विचारू."

आक्का हसली. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असेल.

दोर रहाटाला बांधला. पहिली घागर पाटलांनी ओढली. एवढा मोठा माणूस, पण तिसऱ्या घागरीला धापा टाकायला लागला. त्या लेकुरवाळीनं ओंजळीनं पाणी पिऊन विचारलं, "दादा, दोर कुणाचा हो?" पाटलांना दगडावरचं नाव आठवलंही नाही. ते म्हणाले, "आमच्या गावाचा, बाई. घराघरातली मूठ आहे त्यात."  खालच्या वाडीची विहीर अडतीस हात निघाली. उरलेला दोर तिथे बांधून दोघं दिवेलागणीला गावात आले, तेव्हा लोक वेशीवर ताटकळले होते. सगळं ऐकल्यावर गावानं जे ढोल वाजवले, ते घाटमाथ्यापर्यंत ऐकू गेले म्हणतात.

सहा वर्षांनी खिंडीतून एक बैलवाला जुन्या दोराचं वेटोळं घेऊन गावात आला. दोर निम्मा झिजला होता आणि हातांनी घासून रेशमासारखा गुळगुळीत झाला होता. बाईनं निरोप दिला होता, "तुटायच्या आधीच सोडला. तुमच्या गावाचा दोर तुटला असं कुणी म्हणायला नको."

तो दोर गावानं चावडीत टांगला. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. नवीन माणूस चावडीत आला की पाटील त्याला आधी तिथे नेत आणि म्हणत, "हात लावून बघा."

गोष्टीचं तात्पर्य असं: मन मोठं ठेवावं आणि डोळे उघडे. आपलं देणं कुणाच्या ओंजळीत पडतं ते जाऊन बघणं म्हणजे संशय नव्हे, तोही दानाचाच भाग आहे.