खिंडीतला कातळ

यहूदाच्या डोंगरात, जिथून पलिष्ट्यांचा सखल मुलूख सुरू होतो त्या उतारावर, ऐन-शकेद नावाचे एक गाव होते. ऐन-शकेद म्हणजे बदामाचा झरा. इस्राएलात अजून राजा झाला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. झऱ्याच्या वरच्या अंगाला एका गुहेत नबी पलत्याह महाराज राहत. परमेश्वर ज्यांच्या मुखाने बोलतो त्यांना इस्राएल लोक नबी म्हणत. महाराजांचे बोलणे मोजके असे. कोणी रडत आले तर ते आधी त्याला भाकरी देत आणि मग विचारीत, "आता सांग."

महाराजांच्या सेवेला मालूख नावाचा एक माणूस होता. तो झऱ्याचे पाणी भरी, सरपण आणी, गुहा झाडून काढी. गावात त्याला कोणी नावाने हाक मारीत नसे. सगळे त्याला पळपुटा म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. पाच वर्षांपूर्वी खालच्या दरीत पलिष्ट्यांशी लढाई झाली, तेव्हा शत्रूच्या बाजूने हदोग नावाचा महाकाय योद्धा उतरला होता. तो रफाई या राक्षसवंशातला. साधा माणूस त्याच्या छातीलाही लागत नसे. मालूखचा थोरला भाऊ एशेक याला त्याने मालूखच्या डोळ्यांदेखत मारले. मालूखने ढाल टाकली आणि तो धावत सुटला. भावाचे प्रेतसुद्धा दुसऱ्यांनी उचलून आणले.

तीन दिवस तो रानात लपला आणि चौथ्या दिवशी महाराजांच्या गुहेपाशी येऊन पडला.

"महाराज, मी पळालो," तो म्हणाला.

महाराज म्हणाले, "कुठवर पळालास?"

"इथवर."

"मग पळणं इथंच संपलं. ऊठ, घागर रिकामी आहे."

तेव्हापासून तो तिथेच राहिला. महाराजांनी त्याला कधी भेकड म्हटले नाही आणि शूरही म्हटले नाही. रोज पहाटे मात्र ते त्याला आपल्या शेजारी प्रार्थनेला उभे करीत.

गावाचा सेनानायक होता यारीब. वडील गावचे पंच, अंगात ताकद, आणि साऱ्या डोंगरात पितळी चिलखत असलेला तो एकटाच. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या बळापलीकडे काही असू शकते हे त्याला पटत नसे. झऱ्यावर मालूख दिसला की तो सोबत्यांना म्हणे, "वाट सोडा रे, याला धावायला जागा लागते." सोबती हसत. मालूख घागर भरून निघून जाई.

त्या वर्षी जव कापणीला आला आणि सखल भागातून मेंढपाळ बातमी घेऊन आले. हदोग चाळीस माणसे घेऊन वर येतो आहे, वाटेतली दोन गावे त्याने जाळली आहेत, धडधाकट माणसांना दोर लावून गुलाम म्हणून सोबत घेतले आहे. ऐन-शकेदवर तो उद्या सकाळी पोचेल.

वेशीत सगळे जमले. खालून गावात यायला एकच वाट, एका अरुंद खिंडीतून. महाराज म्हणाले, "आधी सारे मिळून परमेश्वराला हाक मारू या."

यारीब म्हणाला, "हाक मागाहून मारू, महाराज. आता लोखंड हवं. देवाचं नाव घेऊन भाला अडत असता, तर या उतारावर दोन गावं जळली नसती."

एवढ्यात मालूख पुढे आला. भावाची आखूड तलवार त्याच्या कमरेला होती. "मलाही घ्या," तो म्हणाला.

यारीब हसला. "ये की. पळायची वेळ आली तर वाट दाखवायला कोणीतरी हवंच."

मालूखची मान खाली गेली. रात्रभर विचार करून उजाडताच तो महाराजांपुढे उभा राहिला. "महाराज, मी जावं का? हदोगचा आवाज आठवला तरी मला पळावंसं वाटतं."

"खिंडीच्या मधोमध सपाट कातळ आहे, ठाऊक आहे ना? त्याच्यावर जाऊन उभा राहा."

"मी त्याला मारीन का?"

"ते मला सांगितलेलं नाही," महाराज म्हणाले. "तू एकटा नसशील, एवढंच सांगितलं आहे."

महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, आणि मालूख खिंडीकडे निघाला.

इकडे यारीबने चूक केली होती. खिंड धरून बसायचे सोडून तो तीस माणसांनिशी उघड्या उतारावर उतरला. उन्हात त्याचे चिलखत लखलखत होते आणि शत्रूने ते पाहावे असे त्याला वाटत होते. हदोग आला. त्याच्या भाल्याचा दांडा छपराच्या तुळईएवढा होता. त्याने भाला फेकलासुद्धा नाही, दांड्याचा एकच तडाखा आडवा दिला. यारीबची मांडी मोडली आणि तो दगडासारखा कोसळला. ते पाहून त्याची माणसे माघारी धावली.

मालूख खिंडीत शिरला तेव्हा हीच माणसे समोरून येत होती. कोणी त्याला ढकलले, कोणी ओरडले, "मागे फिर, तो आला." मालूख भिंतीला चिकटून त्यांच्यामधून खालीच जात राहिला. कातळावर पोचला तो समोर यारीब, सोबत्यांनी इथवर ओढत आणून टाकलेला, कोपरांवर सरपटत, घामाने न्हालेला. मालूखने त्याला काखेत धरून कातळापलीकडे ओढून ठेवले आणि स्वतः वाटेत उभा राहिला.

"पळ, मूर्खा," यारीब कण्हत म्हणाला. "दोघं कशाला मरायचं?"

"एकदा पळून पाहिलंय," मालूख म्हणाला.

हदोग खिंडीत शिरून कातळाशी आला. वाट इतकी अरुंद की त्याची माणसे त्याच्या मागेच अडकली. समोर एकटा माणूस, पळणाऱ्यांनी टाकलेली लाकडी ढाल उचलून उभा. हदोगने वार केला. ढाल उभी चिरली, मालूखचा डावा हात खांद्यापासून बधिर झाला. दुसऱ्या वाराने तो गुडघ्यांवर आला. त्याचे पाय मागे वळायला बघत होते, ते त्याला स्वतःलाच जाणवत होते. तो उठला आणि पुन्हा त्याच जागी उभा राहिला.

"हे अब्राहामाच्या देवा," तो पुटपुटला, "मला शूर करायला आता वेळ नाही. मला फक्त इथं राहू दे."

आता याला संपवावे म्हणून हदोगने पाऊल उचलले आणि कातळावर ठेवले.

भाविकहो, यहूदाच्या डोंगरातला तो कातळ, ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या बैल आणि गाढवे चालली, तो त्या पावलाखाली मळलेल्या कणकेसारखा मऊ झाला. हदोगचा पाय घोट्यापर्यंत गेला, तोल सावरायला त्याने दुसरा टाकला, तोही गेला. गुडघ्यांपर्यंत तो दगडात उतरला, आणि दगड पुन्हा दगड झाला. चार हातांवर मालूख त्याच कातळावर उभा होता, पण त्याच्या पायाखाली कातळ तसाच टणक होता.

हदोगने डरकाळी फोडली, भाला टाकून दोन्ही हातांनी पाय उपसू लागला. आता त्याचे तोंड मालूखच्या तोंडासमोर आले होते. त्याने मालूखचा खांदा पकडला, हाड कडकडले. मालूखने मागे हिसका दिला नाही. तो पुढे सरकला आणि एशेकची तलवार त्याने मुठीपर्यंत त्या महाकायाच्या गळ्यात खुपसली.

मागच्या चाळीस जणांनी आपला योद्धा दगडात रुतून मेलेला पाहिला. हत्यारे टाकून ते उतारावरून पळत सुटले, आणि दोरांनी बांधलेली माणसे तिथेच मोकळी झाली.

मालूख कातळावर बसला आणि बराच वेळ भावाचे नाव घेऊन रडला. मग त्याने यारीबला पाठीवर घेतले आणि चढण चढू लागला.

दुसऱ्या दिवशी गावातले शहाणे म्हणाले, दगड भुसभुशीत असेल. सात जण पहारी घेऊन गेले. दुपारपर्यंत ठिणग्या उडाल्या, ढलपीसुद्धा निघाली नाही. शेवटी हदोगला तिथेच दगडांखाली झाकावे लागले.

त्या संध्याकाळी यारीबला खाटेवर घालून गुहेपाशी आणले, मागोमाग सारे गाव आले. मांडीला फळ्या बांधल्या होत्या. तो म्हणाला, "मला खाली ठेवा."

महाराज म्हणाले, "यारीब, हाड अजून जुळलं नाही. वाकू नकोस."

"वाकायचं राहूनच गेलं होतं, महाराज. आज तेवढं करू द्या."

चौघांनी त्याला जमिनीवर उतरवले. वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला, तरी त्याने कपाळ महाराजांच्या पायांशी टेकवले. "मी तुमच्या देवाची थट्टा केली," तो म्हणाला.

"माझी माफी मागून झाली," महाराज म्हणाले. "अजून एक माणूस राहिला आहे."

मालूख खांद्याला पट्टी बांधून दाराशी उभा होता. यारीब हातांवर भार देत, फरफटत त्याच्याकडे वळला. मालूख घाईने खाली बसला आणि त्याला अडवू लागला. पण यारीबने त्याचे हात बाजूला केले, सगळ्या गावासमोर त्याला नावाने हाक मारली, आणि त्याच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.