ढगांत गेलेली नजर

डोंगरमाथ्यावरच्या विद्यापीठात वर्गावर लक्ष ठेवायला नवं यंत्र आलं. विद्यार्थ्याची नजर समोरच्या पडद्यावरून ढळली, की ते खुशाल गैरहजेरी मांडायचं! ढगांकडे बघत गणितं सोडवणारी मृण्मयी रोज गैरहजर ठरली आणि तिला परीक्षेला बसायला बंदी झाली.

ती कुलगुरूंकडे गेली. ते एके काळचे गणिताचे प्राध्यापक.

"यंत्र खोटं बोलत नाही," ते गरजले.

"मग सर, तुम्हीच बसा ना त्याच्यासमोर."

ते ऐटीत बसले. मृण्मयीने हळूच विचारलं, "तुम्ही गणिताच्या प्रेमात कधी पडलात?"

कुलगुरूंची नजर छताकडे गेली, मग खिडकीबाहेर, ढगांपलीकडे कुठेतरी. चेहरा अगदी कोवळा झाला.

"गैरहजर!" यंत्र ओरडलं.

मृण्मयी म्हणाली, "खरं सांगा सर, इतके हजर तुम्ही याआधी कधी होतात?"