पटाशीची मूठ

पूर्वी शाल्मलीनगरात दंडकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्मले आणि वयात आल्यावर सहा नक्षीकारांचे प्रमुख झाले.

राजाने त्यांच्याकडून सभामंडपाचे खांब कोरून घेतले. शेवटचा खांब पुरा होत आला तशी फाटकावर चौकी बसली. द्वारपाल बोधिसत्त्वांना हळूच म्हणाला, "उद्या नक्षीकारांचे अंगठे तोडणार आहेत. असा मंडप दुसऱ्या राजाला मिळायला नको." कामापुरता मामा, ही राजवाड्यांची जुनीच रीत.

"नक्षीकार कोण आणि नुसते लाकूड तासणारे कोण, हे कळणार कसं?"

"पटाशीच्या मुठीवरून."

खरेच होते. पटाशीचे पाते झिजले की ते लोक नवे बसवीत, मूठ मात्र बापाकडून मुलाकडे जाई. पिढ्यान्‌पिढ्या अंगठा दाबून शिसवी मुठीला खळगा पडे.

बोधिसत्त्वांनी सहाही जणांना बोलावले. "मुठी जाळा. नव्या बसवा आणि सांगा, आम्ही तासणारे."

"दादा, आणि तुमची?" धाकट्या भावाने, नंदिकाने विचारले.

"एक तरी नक्षीकार सापडायला हवा. नाहीतर सगळ्यांचेच अंगठे जातील."

मुठी जळाल्या. बापाला अग्नी द्यावा तसे ते सुतार रडले. बोधिसत्त्वांनी आपली मूठ जपून ठेवली आणि अंगठा एकदा चोळून पाहिला. अंगठा कोणाला नको असतो?

सकाळी अमात्य प्रत्येक मुठीवरून बोट फिरवत गेला. बोधिसत्त्वांनी आपणहून हात पुढे केला. "मंडप मी कोरला. हे तासणारे." अमात्य वळणार, तोच नंदिकाच्या कमरेचा फुगवटा त्याला दिसला. शेल्यात आज्याची मूठ होती. त्याच्याने ती जाळवली नव्हती.

"ती माझीच," बोधिसत्त्व म्हणाले.

अमात्याने नंदिकाचा अंगठा खळग्यावर ठेवला. तो नेमका बसला.

दोन अंगठे तुटले, पाच वाचले. "दादा, मी तुमचं ऐकलं नाही," नंदिक म्हणाला. बोधिसत्त्वांनी डाव्या हाताने त्याच्या जखमेला चिंधी बांधली.

एवढे सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, गुरूचे जुने पात्र काढायला जो काल आगीत शिरला आणि हात भाजून घेऊन आला, तोच तेव्हाचा नंदिक. वाचलेले पाच तुमच्यातच बसले आहेत. राजा कोण, ते विचारू नका. त्याचे भोग अजून सरलेले नाहीत. प्रमुख सुतार मी होतो. अंगठा दिला ते दान. भावाला बोल लावला नाही ती क्षांती, आणि दोहोंत तीच मला जड गेली."