पिकअपचा कडक उपास

मथुराताईने मला बजावलंय, ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. पण शब्द तिने दिला होता. मी नुसती मान हलवली होती. तेव्हा ऐका.

मथुराचे अण्णा घरची म्हैस पैजेवर लावून आले!

झालं असं, की झेंडू पहाटेच्या बाजाराला न्यायला अण्णांना पिकअप हवी होती. नवी परवडेना, म्हणून ते नाक्यावर बाजीशेठकडे गेले. जुन्या गाड्यांच्या धंद्यात बाजीशेठ म्हणजे राजा. आणि राजाचा कायदा फाटकावर रंगवलेला: ‘हात लावू नये. इंजिनाचं टोपण उघडू नये. मिस्त्री आणू नये.’

त्याने एक निळी पिकअप दाखवली. नवरीसारखी नटलेली! रंग ताजा, आरशांना गोंडे, टायर काळेभोर.

“एका मास्तरांची गाडी, अण्णा. शाळा ते घर, घर ते शाळा. मीटर बघा, पळालीच नाही!”

“पण शेठ, आत काय असेल ते…”

“संशय?” शेठ मुद्दाम समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. “मग लावा पैज! उद्या सकाळी हात न लावता हिची खोट दाखवा. दाखवलीत तर मी हरलो. नाही दाखवलीत, तर गाडी मी म्हणेन त्या भावाला घ्यायची, वर तुमची चंद्री म्हैस माझ्या दावणीला!”

टपरी खदखदली. माणूस हसण्याला जेवढा भितो तेवढा वाघालाही भीत नाही. अण्णा “कबूल!” म्हणून मोकळे झाले.

घरी आले तेव्हा मथुरा चंद्रीची धार काढत होती. तिने सगळं ऐकलं. चंद्रीनेही ऐकलं असावं, कारण तिने शेपटी फटकन अण्णांच्या तोंडावर मारली.

“हात लावायचा नाही,” मथुरा म्हणाली, “पण अण्णा, पूजेला बंदी नाही ना?”

त्याच संध्याकाळी ती बाजीशेठकडे गेली. “शेठ, गाडी दारात यायची तर पूजा हवी. उद्या उजाडताच करू. आणि आत्तापासून गाडीला कडक उपास. पूजा होईपर्यंत चावी फिरवायची नाही.”

“गाडीला उपास!” शेठ पोट धरून हसला. “साबुदाण्याची खिचडी तरी चालेल का?”

पण नाही कसं म्हणणार? प्रत्येक गाडीच्या काचेवर देव चिकटवणारा माणूस! “देवाशपथ,” तो म्हणाला, “चावीला शिवणार नाही.”

सकाळी हाडं गोठवणारी थंडी. तरी टपरीवरची सगळी मंडळी फाटकाशी जमलेली. मथुरा आधी काचेतून आत डोकावली.

“शेठ, पेडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय. मास्तर शाळेत जाताना रोज काशी करून जायचे का?”

“मास्तरांचे पाय जड होते,” शेठ म्हणाला. “ही काय खोट झाली?”

मथुरा वाद घालत बसली नाही. तिने गाडीच्या नाकाखाली पांढऱ्या रांगोळीचं कमळ काढलं. मग चंद्रीच्या लोण्याचा गोळा विड्याच्या पानावर ठेवून शेठपुढे केला. “गाडी अजून तुमची, म्हणून यजमान तुम्ही. नैवेद्य टोपणावर ठेवा. मी हात लावणार नाही.”

शेठने ऐटीत गोळा ठेवला. अण्णा पुटपुटत गणपतीची आरती म्हणू लागले. आरती संपेना आणि लोणी थांबेना! गोळा पाघळला, पानावरून सुटला आणि निळ्या टोपणावरून घसरत खाली आला.

“अगंबाई!” मथुरा म्हणाली. “गाडीने तर उपास मोडला!”

“ते… ऊन लागलं असेल.”

“ऊन अजून डोंगरापलीकडे दात घासतंय, शेठ!”

फाटकाशी हशा उसळला. शेठ कानापर्यंत लाल. “बरं, पहाटे जरा गरम केली. म्हातारी गाडी थंडीत कुरकुरते, धूर सोडते. पण शपथ मोडली ही माझी खोट, गाडीची नव्हे!”

“आणि हे?” मथुराने खाली बोट दाखवलं. कमळावर काळे ठिपके पडले होते. “भुंगे आले वाटतं!”

“कालचं सांडलेलं तेल.”

“कमळ तर आत्ताच काढलंय! असू द्या. आता तेवढी प्रदक्षिणा.” तिने अंगणात रांगोळीची पूड भुरभुरली. “यातून सरळ चालवा.”

शेठने गाडी काढली. मागून निळाशार धूर आला.

“धूप घालायचा राहिला होता,” मथुरा म्हणाली, “तो गाडीनेच घातला!”

पण खरी गंमत जमिनीवर होती. सरळ गाडीची मागची चाकं पुढच्यांचा माग काढत येतात. दोनच रेघा उमटतात. इथे चार! पुढची चाकं एका वाटेने, मागची चार बोटं बाजूने.

“शेठ, पुढची चाकं बाजाराला निघालीत आणि मागची रुसून माहेरी! सांगाडाच वाकलाय हिचा. मास्तर शाळेत गेले, की शाळेच्या भिंतीत?”

मग बाजीशेठच असा हसला, की आरशांचे गोंडे हलले. “हरलो! चंद्रीला माझा नमस्कार सांग. पण पोरी, एक शेवटचं. या आवारातली एक धड गाडी हात न लावता निवड. निवडलीस, तर या खटाऱ्याच्या भावात तुझी!”

मथुराने चकचकीत रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने चिंचेखाली उभ्या असलेल्या एका धुळकट पिकअपकडे बोट केलं.

“ती? तिला पॉलिश नाही, गोंडे नाहीत!”

“म्हणूनच! तुम्ही रोज लेकराबाळांना घेऊन जिच्यातून घरी जाता, ती!”

शेठने हसत हसत कपाळावर हात मारला आणि त्याच हाताने कमरेची चावी काढून दिली. वर कान धरून म्हणाला, “एवढी कृपा कर. ही पूजा गावात कुणाला शिकवू नकोस, माझं दुकान बसेल!”

मथुराताईने शब्द दिला, आणि तो ती पाळते. मी काय, मी फक्त तुम्हालाच…

“अगं, कुठे आहेस? गाडी भरायचीय, झेंडू कोमेजतोय!”

आले, ताई! हां, आणखी एक राहिलंच. गाडी बघायला गेलात आणि शेठने आधीच चहा मागवला, तर समजायचं, की गाडीचा उपास आधीच मोडलाय!