वादळातले पापड

पुण्याच्या विमानतळावर नागपूरचं विमान ऐनवेळी रद्द झालं. कंपनीचे व्यवस्थापक टाय सावरत म्हणाले, "नागपुरात वादळ आहे. दोष निसर्गाचा, त्यामुळे भरपाई मिळणार नाही."

प्रवासी हिरमुसले. इंदूताई डांगोरे मात्र शांतपणे फोन काढून नागपूरच्या धाकट्या जावेला व्हिडिओ कॉल लावून बसल्या.

"काय करतेस गं?"

"पापड वाळू घातले नं ताई, गच्चीवर. ऊन कसं कडक पडलंय पाहा!"

पडद्यावर साडीभर पापड निवांत पसरले होते. इंदूताईंनी फोन व्यवस्थापकांपुढे धरला.

"साहेब, ज्या वादळात आमचे पापडसुद्धा उडाले नाहीत, त्याला तुमचं विमान घाबरलं होय?"

साहेबांनी टाय सैल केला आणि सगळ्यांची भरपाई मुकाट्याने कबूल केली.