रेवतीचा थोरला नातू

पूर्वी अश्मक देशावर सुबाहू राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व नागाच्या योनीत जन्मला होता. गोदावरीच्या काठी विणकरांची एक आळी होती, आणि आळीच्या शेवटच्या घरात रेवती नावाची म्हातारी एकटी राहत असे. तिचा नवरा वारला होता. एकुलता एक मुलगा पुण्णक व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर बंदराकडे गेला होता आणि लग्न करून तिकडेच राहिला होता. घरात माग होता, कापसाच्या पाट्या होत्या, पण बोलायला कोणी नव्हते.

एका हिवाळ्यात बोधिसत्त्व उबेच्या शोधात त्या घरात शिरला आणि कापसाच्या पाटीत वेटोळे घालून बसला. तेव्हा तो बोटाएवढा जाड होता. रेवतीने काठी उचलली, पण तिच्याने मारवेना. "राहा बाबा," ती म्हणाली, "तेवढाच घरात कोणाचा आवाज होईल." नाग फारसा आवाज करीत नाही हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि तोवर सवय जडली होती.

ती रोज त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवी. सकाळी वाटी रिकामी दिसली की तिला बरे वाटे. खरे तर नाग दूध पीत नाही. दूध उंदीर पीत आणि नाग उंदीर खाई. विणकर सुताला तांदळाची खळ लावतात, तिच्या वासाने उंदीर येतातच, आणि कापसात घरटी करतात. बोधिसत्त्वाची मैत्री सर्व प्राणिमात्रांवर होती असे सांगतात. ती उंदरांना कितपत जाणवली हे सांगायला त्या घरात एकही उंदीर उरला नाही.

दिवसभर रेवती माग चालवी आणि मागाचा ठोका जमिनीतून बोधिसत्त्वाच्या पोटाला लागे. ती त्याला नवऱ्याच्या गोष्टी सांगे, पुण्णकाच्या सांगे, कंबर कशी दुखते ते सांगे. त्याला उत्तर देता येत नसे. जीभ दोन फाट्यांची असली तरी बोलण्याच्या कामी येत नाही. पण तो ऐकत असे, आणि त्यालाही या बाईवाचून दुसरे कोणी नव्हते.

अशी बरीच वर्षे गेली. मग पुण्णक परत आला. बरोबर बायको सामा आणि तान्हा मुलगा होता. सामाने उंबरठ्यातूनच नाग पाहिला आणि मुलाला छातीशी धरले.

"आत्याबाई, हा घरात असेल तर मी आत येणार नाही."

"अगं, हा माझा थोरला नातू समज," रेवती म्हणाली. "तुझा तो धाकटा. थोरल्याने इतकी वर्षे मला सोबत केली. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

 हे बोलणे पुण्णकाला लागायचेच होते. तो म्हणाला, "आई, मला तुला दुखवायचं नाही. पण नागाचा काय भरवसा?"

"तो गेला तर त्याच्यामागे मीही जाईन," रेवती म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटले होते.

सामा आत आली, पण पुढे कितीतरी दिवस तिने मुलाला खाली ठेवले नाही. हळूहळू तिच्या लक्षात आले की नाग कोणाच्या वाटेला जात नाही. मूल रडले तर तो दूर सरकतो. एकदा मुलाने रांगत येऊन त्याची शेपटी मुठीत धरली, तेव्हाही तो दगडासारखा पडून राहिला. सामा हसली. मग आळीतल्या बायका मुद्दाम बघायला येऊ लागल्या. कोणी म्हणे, घरात नाग असणे भाग्याचे. कोणी म्हणे, माया लावली की जनावरही ओळख ठेवते. बोधिसत्त्वालाही ते खरे वाटू लागले. ज्ञानी लोकांनाही कौतुक आवडते.

विणकरांत अशी रीत होती की थंडीत तान्ह्या मुलाला पिंजलेल्या कापसाच्या पाटीत निजवायचे. पाळण्यापेक्षा त्यात ऊब जास्त. थंडी पडली तशी सामानेही मुलाला पाटीत निजवले. ज्या पाट्यांत नाग आजवर उंदीर धरीत आला होता त्यांतलीच ती एक, हे कोणाच्या मनातही आले नाही. त्या घरात पाटी म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे ऊब.

त्याच सुमारास बोधिसत्त्वाची कात टाकण्याची वेळ आली. अशा वेळी नागाच्या डोळ्यांवर दुधासारखा पडदा येतो आणि त्याला नीट दिसत नाही. दुपारी सामा नदीवर गेली होती, पुण्णक सूत आणायला गेला होता, आणि रेवती मागावर होती. बोधिसत्त्व भुकेला होता. पाटीतून खळीचा वास आला. कापसात काहीतरी उबदार हलले.

त्याने विचार केला नाही. अंगाने आपले काम केले. मान मागे गेली, मग पुढे झेपावली, आणि दात रुतले.

ते कापसाच्या जाड थरात रुतले होते. शेजारीच मुलाचा पाय होता. मूल जागे झाले, समोरचे डोके पाहून खदखदा हसले, आणि त्याने नागाच्या नाकावर हात ठेवला. तेव्हा बोधिसत्त्वाला कळले की तिथे कोण होते.

त्याने दात सोडवले. कापसावर विष ओलसर चमकत होते. मागाचा ठोका चालूच होता. रेवतीने आवाज दिला, "धाकटा उठला का रे? थोरल्या, बघ जरा त्याच्याकडे."

बोधिसत्त्व मागाखाली जाऊन पडला. त्याला फार लाज वाटली आणि फार भीती वाटली. तो मनाशी म्हणाला, 'या लोकांवर माझा राग नाही, लोभच आहे. मी त्यांचे वाईट कधी चिंतणार नाही. पण माझे दात मला विचारून चालत नाहीत. आज कापूस आडवा आला. ही माणसे माझ्या मनावर विसंबून आहेत, आणि माझे मन डोळे झाकले की झोपी जाते. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि मला सांगता येत नाही.' त्या भरल्या घरात तो इतका एकटा कधीच नव्हता.

कात टाकून डोळे निवळताच तो निघाला आणि आळीबाहेरच्या वारुळात राहू लागला. तिथे मागाचा ठोका पोचत नव्हता.

रेवतीने त्याला शोधून काढले. "रुसलास होय रे? धाकट्याचे लाड जास्त झाले म्हणून?" असे म्हणून तिने त्याला टोपलीत घालून घरी आणले. सामानेही त्याचे स्वागत केले आणि म्हणाली, "आत्याबाई, आता याची पाटी मुलाच्या पाटीशेजारीच ठेवू, म्हणजे याला वाईट वाटणार नाही."

बोधिसत्त्व पुन्हा निघून गेला. भर दुपारी दुधाची वाटी घेऊन रेवती पुन्हा वारुळापाशी आली.

"चल घरी. तुझ्यावाचून मला करमत नाही, आणि तुला ते माहीत आहे."

त्याला ते माहीत होते. त्यालाही करमत नव्हते. तिच्यामागे गेलो तर ऊब आहे, ठोका आहे, गोष्टी आहेत, आणि एक दिवस ते मूल मरणार आहे. नुसते निघून गेलो तर ही पुन्हा पुन्हा येणार. हिची माया जिवंत आहे तोवर ते मूल सुरक्षित नाही. असा विचार करून त्याने तिच्यासमोर पहिल्यांदाच फणा काढला.

रेवती हसली. "मला भिववतोस? मला?" असे म्हणत तिने हात पुढे केला.

बोधिसत्त्वाने जोराने फुत्कार टाकला, आणि तोंड घट्ट मिटून तिच्या मनगटावर डोके आपटले. वाटी पडली. दूध मातीत गेले. रेवती मागच्या मागे बसली आणि मनगट उलटेसुलटे करून बघू लागली. दात लागले नव्हते. ते तिने नशीब मानले. ते नशीब नव्हते.

"तूसुद्धा?" ती म्हणाली, आणि तिथेच बसून रडली. मग उठून म्हणाली, "शेवटी साप तो सापच." वाटी न उचलताच ती गेली. त्याच दिवशी तिने घराची सगळी भोके मातीने बुजवली.

मूल मोठे झाले. रेवती त्याला नदीवर नेई तेव्हा एक जड पाऊल आणि एक हलके पाऊल जमिनीतून बोधिसत्त्वाला कळे. वारूळ जवळ आले की दोन्ही पावले वळसा घेत. "तिकडे जायचं नाही," ती सांगे, "तिथला नाग माझ्या अंगावर आला होता." बोधिसत्त्व वेटोळ्यात डोके घालून ऐके. आपले काम नीट झाले याचे त्याला समाधान वाटे, आणि त्याला रडूही येई. पावले दूर जाईपर्यंत तो हलत नसे. असाच तो आयुष्याच्या शेवटापर्यंत राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या अंगणात सांगितली. त्या सकाळी खेमिका नावाची वृद्ध उपासिका अंगणात पडलेली सापाची कात पाहून किंचाळत पळाली होती आणि तरुण भिक्षू तिला हसले होते. "वाळली कात ती काय चावणार?" असे म्हणून एकजण तर खदखदा हसला होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुण्णक आणि सामा हे आज या विहाराला अन्न देणारे दांपत्य आहे. पाटीतले मूल म्हणजे सकाळी सर्वांत मोठ्याने हसणारा हा भिक्षू. तो तेव्हाही असाच हसला होता. आणि रेवती म्हणजे ही खेमिका. तिच्या भीतीला हसू नका. त्या भीतीनेच तुमच्यातल्या एकाला वाचवले आहे."

तरुण भिक्षूने मान खाली घातली. खेमिकेने विचारले, "आणि तो नाग, भंते?"

"तो मी होतो," शास्ते म्हणाले. "तुला देण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नव्हते, म्हणून मी तुला माझी भीती दिली. तू ती जन्मोजन्म जपलीस."

खेमिकेने आपले मनगट उलटेसुलटे करून पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "मी वाटी तिथेच टाकून आले होते."

"ती माझ्याजवळ राहिली," शास्ते म्हणाले.

आपली माया तुटली तरी चालेल, पण दुसऱ्याचा जीव राखावा, ही त्या जन्मातली बोधिसत्त्वाची मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.